अपग्रेड मीच केलं होतं

संघदीप मला पहिल्यांदा भेटला तो महागावच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली. ऑगस्ट २०१७. पाऊस असा, की रस्त्यापलीकडचं चहाचं हॉटेल दिसेना. मी यवतमाळहून बसनं आले होते. छातीशी युरियाची एक रिकामी, धुतलेली थैली होती आणि ती मी दोन्ही हातांनी कवटाळून उभी होते.

"खताची थैली एवढ्या मायेनं धरलेली मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो," शेजारून आवाज आला.

मी वळले नाही.

"बरोबर आहे म्हणा. युरिया भिजला की वितळते."

"युरिया नाही," मी म्हटलं. "लॅपटॉप आहे. ऑफिसचा."

आता वळून पाहिलं. सडपातळ, सावळा, खांद्याला काळी बॅग. तो ओठांनी हसला नाही, पण डोळे... डोळे त्याला आवरत नव्हते. त्यानं अंगातला रेनकोट काढला आणि पुढे केला.

"मले नको."

"तुमाले कोण देऊन राह्यलं? लॅपटॉपले देऊन राह्यलो."

मी थैलीला रेनकोट गुंडाळला आणि पावसात पळाले. तो परत कुठं द्यायचा, हे विचारायचं राहूनच गेलं. गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रात राउटर बसवायला जो माणूस आला, तो शिंकत होता.

मी वर्षा राठोड. महागावजवळच्या तांड्यावरची. बी.ए. झाल्यावर शेतकऱ्यांना माहिती देणाऱ्या एका संस्थेच्या केंद्रात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. एक खोली, दोन टेबलं, एक लॅपटॉप आणि आमच्या प्रमुख प्रभावती मॅडम. काम ऐकायला सोपं होतं. चौदा गावांतल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, सापळे लावलेले असायचे. सापळ्यातल्या वासानं गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येऊन अडकायचे. शेतकरी ते मोजायचे, आकडा आम्हाला सांगायचे आणि मी शुक्रवारी पाचच्या आत सगळे आकडे यवतमाळला पाठवायचे. तिथून प्रत्येकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा, कोणी फवारायचं आणि कोणी अजिबात नाही. त्या वर्षी फवारणीचं नाव काढलं तरी तांड्यावरच्या बाया धास्तावायच्या. किती माणसं विषबाधा होऊन पंपासकट शेताच्या धुऱ्यावर कोसळली होती. 'फवारू नका' हा मेसेज आला, की माझी याडी, म्हणजे आई, देवापुढे दिवा लावायची.

आमच्या तांड्याचे आकडे माझा बा आणायचा, लखीराम राठोड. फोनवर सांगितले तरी चालायचे. पण तो सायकलवर यायचा, बाकावर बसायचा आणि मी टाइप करताना पाहत राहायचा. मग बाजूच्या माणसाला सांगायचा, "माही पोरगी."

संघदीप मुनेश्वर ढाणकीचा. तिथं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. दर शनिवारी तो महागावच्या गिऱ्हाइकांकडे फेरी मारायचा आणि आमच्याकडे शेवटी यायचा. शेवटी का, तर मग घाई नसते, असं तो म्हणायचा. राउटर पाहायला दोन मिनिटं लागायची. बाकीचा पाऊण तास मला प्रश्न विचारण्यात जायचा.

"हा लाईट लाल काहून झाला, सांगा बरं?"

"लाईन बंद आहे."

"अन् हिरवा असून नेट नाही, तं?"

"तं... तुमाले फोन लावायचा."

"हे उत्तर पुस्तकात नाही," तो म्हणायचा, "पण मार्क पूर्ण."

एकदा कीबोर्डवरून त्याचा हात उठायच्या आधीच माझा हात तिथं गेला. दोघांनीही हात मागे घेतले. मग बराच वेळ आम्ही दोघं राउटरकडेच पाहत होतो, जणू तो आता काहीतरी बोलणार आहे.

लॅपटॉपवर रोज एक निळा चौकोन यायचा. नवी सिस्टीम तयार आहे, आता अपग्रेड करा. संघदीपनं बजावलं होतं, "नंतर, हे बटन दाबायचं. लॅपटॉप जुना आहे. नव्या सिस्टीमले याचं वायफाय ओळखू येईन की नाही, भरवसा नाही." मॅडमनीही आम्हा दोघांना सांगितलं होतं. मी दीड महिना रोज 'नंतर' दाबलं.

मग एका शनिवारी तो जाता जाता म्हणाला, "तुमी आता अर्ध्या इंजिनीअर झाल्या."

अर्ध्या! तो शब्द मला आठवडाभर गोड लागला आणि बोचतही राहिला. पुढच्या गुरुवारी दुपारी तो वाटेत दहा मिनिटं येऊन नवा माऊस देऊन गेला. तो गेला, मॅडम बँकेत गेल्या. चार वाजता निळा चौकोन आला. मला वाटलं, शनिवारी तो येईल, पाहील आणि विचारेल, हे कोणी केलं? आणि मी नुसती मान हलवीन.

मी 'आता' दाबलं.

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उघडला. पडदा नवा कोरा, सुंदर. पण खाली कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर लाल फुली होती. मी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंग उघडलं, तर वायफाय चालू-बंद करायचं बटनच तिथं नव्हतं. जणू या लॅपटॉपला वायफाय कधी नव्हतंच. मी त्याला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "नेट नाही. लवकर या."

तो यायच्या आधी मॅडम आल्या. त्यांनी पडदा पाहिला.

"वर्षा, हे अपग्रेड कोणी केलं?"

बाकावर पाच-सहा शेतकरी बसले होते. बा होता. त्यानं नुकतंच कुणाला तरी सांगितलं होतं, माही पोरगी.

"संघदीप सर आलते काल," मी म्हटलं.

एवढंच. 'त्यांनी केलं' असं मी म्हटलं नाही. नंतर कितीतरी रात्री मी स्वतःला हेच सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

तो साडेबाराला आला. बॅग खाली ठेवायच्या आत मॅडम सुरू झाल्या. चौदा गावांचे आकडे अडकले, तुला सांगितलं होतं ना, एवढीही अक्कल नाही? सगळे ऐकत होते. मग बा उठला. बा कधी कुणाला बोलत नाही. पण तो म्हणाला, "बाबू, असं नको करत जाऊ. तुह्या कामापायी माह्या पोरीची नोकरी जाईन ना."

संघदीप खुर्चीवर बसला, लॅपटॉप पुढे ओढला आणि अपग्रेडची नोंद उघडली. मी मागे उभी होते. मलाही दिसलं. तारीख, वार आणि वेळ. चार वाजून बारा मिनिटं. तेव्हा तो उमरखेडच्या पुढे कुठंतरी बसमध्ये असणार.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं पाहिलं... आणि ती खिडकी बंद केली.

"चूक झाली, मॅडम," तो म्हणाला.

माझ्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. आता बोल, आता बोल, असं मी मनात म्हणत होते आणि हातानं विनाकारण रजिस्टर सरळ करत होते.

तो कामाला लागला. पडद्यावर लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची यादी आली. त्यात एका ओळीपुढे पिवळा त्रिकोण होता. 'अनोळखी यंत्र.'

"हेच आपलं वायफाय," तो हळू म्हणाला. कामाचं बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, ते अजून वाईट वाटत होतं. "यंत्र चांगलं आहे. फक्त त्याचं अन् सिस्टीमचं बोलणं करून देणारं सॉफ्टवेअर गेलं. मधातला दुभाषीच हरवला म्हणा. ते सॉफ्टवेअर नेटवरून आणा लागते."

"पण नेट तर..."

"हो. नेट आणायले नेट लागते."

दुसरी वेळ असती तर आम्ही दोघंही हसलो असतो.

त्यानं खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, वायरनं लॅपटॉपला जोडला आणि मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं. "आधी आकडे पाठवा," तो म्हणाला. मी टाइप करत बसले. वायर हातभर लांब, त्यामुळे त्याला माझ्या शेजारीच बसावं लागलं. मध्येच मोबाईल वाजला. पडद्यावर 'आई'. नेट तुटलं. त्यानं फोन कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला आणि तोंडावर हात धरून कुजबुजला, "आई, जेवलो मी. हो, डबा खाल्ला. नाही, कोणी काही म्हटलं नाही. आवाज असाच आहे माहा."

डबा त्याच्या बॅगेत होता. उघडलेला नव्हता.

पाचला वीस मिनिटं कमी असताना शेवटच्या गावाचे आकडे गेले. मॅडमनी सुस्कारा सोडला. "उद्या येऊन वायफाय नीट करून दे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून येऊ नको. मी यवतमाळहून दुसरा माणूस बोलावते."

सगळे पांगल्यावर मी दारात त्याला गाठलं.

"संघदीप सर, तुमी... तुमाले कळलं."

"वेळ लिहिलेली असते त्याच्यात."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमची नोकरी आहे," तो म्हणाला. "मले दुसरं गिऱ्हाईक भेटते." आणि डोळे वर न करता पायऱ्या उतरला.

शनिवारी तो दुकानातून एका पेनड्राइव्हवर ते सॉफ्टवेअर घेऊन आला. लॅपटॉप उलटा करून, मागचं झाकण उघडून त्यानं वायफायच्या चिपवरचा नंबर कागदावर उतरवला. पहिलं सॉफ्टवेअर जुळलं नाही. दुसरं जुळलं, पिवळा त्रिकोण गेला. पण दर दहा मिनिटांनी नेट तुटत होतं. मग त्यानं आत कुठंतरी एक छोटी खूण शोधली. वीज वाचवायला लॅपटॉप आपणहून वायफाय बंद करतो, ती परवानगी काढून टाकली. तासभर आम्ही पाहत बसलो. नेट टिकलं. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. जाताना म्हणाला, "येतो," आणि सवयीनं 'शनिवारी' म्हणता म्हणता थांबला.

रविवारी तांड्यावर मी जेवले नाही. बरं नाही का, याडीनं विचारलं. बा म्हणाला, "त्या बाबूले मी थोडं जास्तच बोललो काय व? पोरगा चांगला वाटते." मी पाणी आणायला म्हणून उठले आणि विहिरीवर रिकामी घागर घेऊन बसून राहिले. आत्तापर्यंत मला वाटत होतं, लाज चेहऱ्यावर येते. ती पोटात राहते. काही खाऊ देत नाही.

सोमवारी केंद्रात महिन्याची बैठक होती. चौदा गावांची माणसं, सतरंज्या, मधोमध पाण्याचा कॅन. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या आधी उभी राहिले.

"मॅडम, ते अपग्रेड मी केलं होतं. संघदीप सरांनी नाही. त्यांनी मना केलं होतं, तरी मी केलं. अन् तुमी इचारलं तेव्हा मी... मी त्यांचं नाव घेतलं."

पंखा फिरत होता. मी बाच्याकडे पाहू शकले नाही.

मॅडम खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "एवढ्या माणसांत मी त्या मुलाची अक्कल काढली, वर्षा." "तुझ्या नोकरीचं मी महिनाभरानं ठरवीन. आधी त्याला फोन लाव."

मी लावला. उचलला नाही. दोनदा, चारदा. उचलला नाही.

तेवढ्यात बा उठला. दुपट्टा खांद्यावर टाकला. आमच्या बोलीत, कुणाला कळू नये एवढ्या हळू म्हणाला, "चल. ढाणकीची बस अकराला आहे. मीही बोललो त्याला. मलाही जावं लागेल."

उमरखेडला बस बदलून आम्ही ढाणकीला पोचलो. दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, घर विहारामागच्या गल्लीत. बानं रस्त्यात अर्धा किलो पेढे घेतले. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नसतं, ही त्याची रीत. पण डोळे सुजलेली, बैठकीसाठी नवा ड्रेस घातलेली मुलगी, सोबत दुपट्टेवाला बाप आणि हातात पेढ्यांचा पुडा. गल्लीतल्या बायका दारादारांत आल्या.

"शकुबाई! ओ शकुबाई!" एक ओरडली. "तुमच्या संघदीपले पाहाले आले पाहुणे!"

मला वाटलं, आता जमिनीनं मला पोटात घ्यावं.

शकुबाई, म्हणजे त्याची आई, हात पुसत बाहेर आली. आमच्याकडे पाहून गोंधळली. "या, या... पण बाप्पा, पोरीकडे पाहाले आमी यायचं असते ना? अठी तं पोरगीच आली!" तिनं घाईघाईनं खाटेवर चादर टाकली, चिवड्याची ताटली काढली. बा "नाही, नाही बाई, तसं नाही" म्हणत राहिला, पण तिनं त्याला बसवलंच. गल्ली दारातून आत डोकावत होती.

"काकू," मी म्हटलं, "मी वर्षा. महागावच्या केंद्रातली."

तिचा हात ताटलीवरच थांबला. "ज्या केंद्रात माह्या पोराले चार लोकांत बोलले, ते?"

"हो. ते बोलणं माझ्यामुळे झालं. चूक मी केली अन् नाव त्यांचं सांगितलं. माफी मागायले आलो."

बानं हात जोडले. "मी पण बोललो बाई त्याले. त्याचा काही कसूर नव्हता."

शकुबाईनं दाराकडे जाऊन गल्लीला म्हटलं, "जा व बायांनो, कामं नाही काय तुमाले?" आणि दार लोटलं. मग माझ्यासमोर बसली. "तीन दिवस झाले, धड जेवला नाही तो. मले वाटलं, दुकानदारी गेली म्हणून." तिनं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू बी जेवली नाही वाटते."

मला रडू फुटलं. तिनं पदरानं नाही, स्वयंपाकाच्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. त्याला तेलाचा आणि कांद्याचा वास होता.

"मागच्या अंगणात आहे तो," ती म्हणाली. "जा. जे सांगायचं ते त्याले सांग. भाऊ, तुमी चहा घ्या. तुमच्या इकडे बोंडअळी कशी काय आहे?"

अंगणात संघदीप एक जुना कॉम्प्युटर उघडून बसला होता. मला पाहून उभा राहिला, हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं," मी म्हटलं. "बैठकीत. मॅडमले, बाले, सगळ्यांले. फोन उचलला असता तर..."

"लाज वाटली," तो म्हणाला.

"तुमाले कायची लाज?"

तो खाली पाहत राहिला. "तुमाले वाटते, मी लय मोठ्या मनानं गप्प बसलो. तसं नाही आहे. मले वाटलं... आता हे फक्त आपल्या दोघांलेच माहीत आहे. आता ही माही आठवण रोज काढन. म्हणून गप्प बसलो. तुमी रडकुंडीले आलत्या, अन् मले आतून बरं वाटून राह्यलं होतं. मंग घरी आल्यावर स्वतःचीच किळस आली."

मी पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्या हातात दिला.

"अन् अजून एक," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "अपग्रेड केल्यावर दहा दिवसांच्या आत एका बटनानं जुन्या सिस्टीमवर परत जाता येते. आकडे गेल्यावर शुक्रवारीच झालं असतं. तासाभराचं काम."

"मंग ते पेनड्राइव्ह? तो चिपचा नंबर? मागचं झाकण?"

"मंग शनिवारी यायले कारण काय राह्यलं असतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. रडून डोळे जळत होते आणि तरी हसू येत होतं, ते दाबता येईना. "मी ते बटन कायले दाबलं, माहीत आहे?" मी म्हटलं. "तू मले अर्धी इंजिनीअर म्हणाला होता. तुले दाखवायचं होतं."

'तू' कधी तोंडातून निघालं, मला कळलंच नाही. त्याला कळलं.

"वर्षा," तो म्हणाला. नुसतं नाव. आणि मग अगदी हळू, "काय दाखवायचं होतं? मी तं पहिल्या दिवसापासून तुलेच पाहून राह्यलो."

पेरूच्या झाडाखाली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. या वेळी कुणीच हात मागे घेतला नाही. आतून शकुबाईचा आवाज आला, "चहा थंडा होऊन राह्यला!" आम्ही दचकून वेगळे झालो.

निघताना दारात तो मला म्हणाला, "शनिवारी येतो." हळूच म्हणाला होता. पण बा चपला घालत तिथंच वाकलेला होता.

परतीची बस उमरखेडपर्यंत खचाखच होती. पुढे जागा मिळाली. मी खिडकीशी, बा शेजारी. दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी, वेचणाऱ्या बायका. बानं दुपट्ट्यानं चेहरा पुसत, समोर पाहतच आमच्या बोलीत विचारलं, "वायफाय नीट झालं ना तुमचं?"

"हो, बा."

"एकदम नीट?"

"हो."

"मग तो पोरगा शनिवारी कशाला येतो?"

मी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मानेपर्यंत तापले होते. खोटं तर आता बोलायचंच नव्हतं.

बस महागावच्या वळणाला लागली. बानं खाकरून गळा साफ केला.

"येऊ दे," तो म्हणाला.